शुक्रवारी जरूर या, फक्त पेढे आणू नका

मागच्या अंकात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांतल्या शुक्रवारच्या संध्याकाळविषयी मी थोडंसं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होतो. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. काही पत्रं आमच्याच माणसांची आहेत, काही शेजाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

माझ्या बँकेतल्या मैत्रिणीनं येत्या शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाला बोलावलं आहे. भायखळ्याला कुणाच्या तरी घरी पंधरा-वीस जण जमतात, सगळं घरगुती असतं, असं ती म्हणते. मी शाकाहारी आहे. तिथे प्रार्थना म्हणावी लागते का? काय न्यावं, काय नेसावं, कधी निघावं? तिलाच विचारायचा संकोच वाटतो. – एक वाचक, मुलुंड

ताई, आधी तर जाच. शब्बाथला बोलावणं म्हणजे नुसतं जेवायला बोलावणं नव्हे, आठवड्यातली सगळ्यात प्रिय वेळ तुमच्याबरोबर घालवायची आहे असं तिनं सांगितलं आहे.

वेळेचं मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे ‘आठला या’ म्हटलं की साडेआठला निघतात. इथे घड्याळ सूर्याच्या हातात असतं. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावतात. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासात होऊन जातात. म्हणजे प्रत्येक शुक्रवारची वेळ वेगळी. मैत्रिणीला ‘दिवा किती वाजता?’ एवढंच विचारा. तिला बरं वाटेल. बँकेतून वेळेत सुटका झाली नाही तर उशिरा जा, पण जा. आमच्यात निम्मी मंडळी लोकलमध्ये अडकलेली असतात, ती किद्दुशच्या, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, वेळेपर्यंत येऊन पोचतात.

दिवा बघायला मिळाला तर अवश्य बघा. आता बहुतेक घरांत दोन मेणबत्त्या असतात. माझ्या आईकडे काचेचा पेला होता. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, पाण्यावर बोटभर खोबरेल तेल आणि तेलात तरंगती वात. आई वात पेटवायची, दोन्ही हात ज्योतीवरून तीनदा स्वतःकडे ओढायची, मग डोळे झाकून बेराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणायची. डोळे उघडले की शब्बाथ लागलेला असे. त्यानंतर घरात कुणी काडी ओढायची नाही, शेगडी पेटवायची नाही. मी आजही पेलाच वापरते. खोबरेल तेलाच्या त्या मंद वासाशिवाय मला शुक्रवार वाटतच नाही.

पुढचा क्रम सांगते, म्हणजे बिचकायला होणार नाही. गाणी होतील. त्यात ‘लेखा दोदी’ नावाचं एक गाणं आहे, सोळाव्या शतकातलं, इस्राएलमधल्या गॅलिलीत, त्स्फात (साफेद) नावाच्या गावी रचलेलं. त्यात शब्बाथला नवरी म्हटलंय. शेवटच्या कडव्याला सगळे उठून दाराकडे तोंड करतात, नवरीचं स्वागत करायला. तुम्हीही वळा. मग वडीलधारी माणसं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मग किद्दुश. जगभर तो द्राक्षारसावर म्हणतात. कोकणात वाइन कुठून मिळणार? म्हणून आमच्या माणसांनी मनुकांचं सरबत काढलं आणि ते आजवर चालत आलं. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात हातानं अगदी लगदा होईपर्यंत कुस्करायच्या आणि मलमलच्या कापडातून पिळून घ्यायच्या. साखर घालायची नाही. कापड शेवटी इतकं पिळायचं की चोथा कोरडा पडला पाहिजे. जांभळट तपकिरी, दाट, किंचित आंबूस असं ते सरबत चांदीच्या पेल्यातून फिरतं आणि प्रत्येक जण घोट घेतो. तुमच्यापर्यंत आलं की तुम्हीही घ्या. त्यानंतर हात धुवायचे आणि झाकून ठेवलेल्या दोन पावांवर आशीर्वाद म्हणायचा. आमचे पूर्वज इजिप्तमधून सुटून रानात असताना शुक्रवारी मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, दुप्पट पडायचा, त्याची ती आठवण. कुणाकडे घरी भाजलेला ‘हल्ला’, म्हणजे शब्बाथचा खास पाव, असतो, आमच्याकडे कितीतरी वर्षं दोन चपात्याच होत्या. तुकडा मिठाला लावून देतात.

प्रार्थना म्हणायची सक्ती कुणीच करणार नाही. सगळे उभे राहिले की उभ्या राहा, ‘आमेन’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा. ‘शब्बाथ शालोम’ एवढं आलं की संध्याकाळ निभावते. तुम्हाला आमच्यात ओढायचा कुणाचाही हेतू नसतो, आमच्या धर्मात तशी रीतच नाही.

आता काय न्यावं. इथे प्रेमापोटी गडबड होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेढे, बर्फी, खरवस, श्रीखंड यातलं काही नेऊ नका. मांस आणि दूध आम्ही एका जेवणात घेत नाही. शुक्रवारी मटण किंवा कोंबडी असली तर तुमचा पेढ्यांचा बॉक्स तसाच बाजूला राहील आणि यजमानीण मनातून हळहळेल. घरी शिजवलेलंही नको, कारण काशेरचे, म्हणजे आमच्या खाण्यापिण्याचे, नियम भांड्यांपर्यंत जातात. फळं न्या, उत्तम. मोसंबी, चिकू, हंगाम असेल तर आंब्यांची पेटी. फुलंही चालतील, पण ती दिवा लागायच्या आत पोचवा. आणि पैशाचं पाकीट मुळीच नको, शब्बाथला आम्ही पैशाला हात लावत नाही.

तुम्ही शाकाहारी आहात याची काळजी नको. आमच्या स्वयंपाकाचा सगळा भार नारळावर आहे. दूध-दह्याची जागा आमच्याकडे नारळाच्या दुधानं घेतलेली. हिरव्या मसाल्यातल्या पापलेटलाही तेच दूध आणि शिऱ्या-हलव्यालाही तेच. भात, आमटी, भाजी, कोशिंबीर तुम्हाला मिळेलच. फक्त आमटीवर तूप आणि जेवणाच्या शेवटी ताक मागू नका. (मासे खाणाऱ्या वाचकांसाठी : पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा आम्हाला चालतो. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या नाहीत. मालवणी मैत्रिणींना याचं फार वाईट वाटतं.)

एक बारकी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. बाथरूममधून बाहेर येताना दिव्याचं बटण बंद करू नका. आपल्याला लहानपणापासून लागलेली ती सवय, हात आपोआप जातो. पण शब्बाथ कडक पाळणाऱ्या घरात तो दिवा पुन्हा लावता येत नाही आणि वीस माणसं रात्रभर अंधारात चाचपडतात. तसंच घंटी न वाजवता दार ठोठवा, फोन पर्समध्ये राहू द्या आणि फोटो काढू नका. तुमची मैत्रीण म्हणते तशा घरगुती मेळाव्यात प्रत्येक जण आपापल्या परीनं पाळतो. कुणी फोन बंद करून येतो, कुणी रेल्वेनं येतो, कुणी फक्त गाण्यांसाठी येतो. म्हणून कोण काय करतं हे पाहून ‘मग तुम्ही कसं काय?’ असं विचारू नका. त्या घराचा सगळा मोकळेपणा या न विचारण्यावर उभा आहे.

नेसायचं म्हणाल तर स्वच्छ, साधं, दिवाळीला शेजारी फराळाला जाताना नेसतो तसं. डोकं झाकायची घरात गरज नाही. निरोप घेताना एखादी वृद्ध बाई तुमची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरील आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावील. ती आमची हातबोशी. तुम्हीही तसंच करा.

मी सव्वीस वर्षांचा आहे. आम्ही बेने इस्राएल आहोत, पण घरात आजीनंतर कुणी काही पाळलं नाही. मला हिब्रू वाचता येत नाही. आजीचा सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, आहे, एका पानावर हिब्रू आणि समोर मराठी. शब्बाथला जावंसं फार वाटतं, पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, सगळ्यांना सगळं येत असेल आणि मी खांबासारखा उभा राहीन, या भीतीनं दोनदा दारातून परत आलो. आधी शिकून घ्यावं आणि मग जावं का? – एक वाचक, मीरा रोड

नाही रे बाळा. आधी जा.

तुझे-माझे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले, असं आपल्याकडे सांगतात. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं समुद्रात गेली. त्यानंतर कित्येक पिढ्या आपल्याकडे ना तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, पुस्तक होतं, ना प्रार्थना चालवणारा हज्जान, ना सिनेगॉग. गावागावांत तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात लोक आपल्याला शनवार तेली म्हणू लागले. हिब्रूतलं उरलं होतं ते ‘शेमा इस्राएल’, ‘ऐक, इस्राएला’ ही एवढी प्रार्थना. बारशाला तेच, लग्नाला तेच, मयतालाही तेच. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग, मांडवीचं शाअर हारहमीम, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं ते १७९६ साली. लढाईत टिपूच्या कैदेत पडलेल्या दिवेकरांनी सुटका झाल्यावर नवस फेडला, अशी त्याची गोष्ट सांगतात. आता सांग, १७९६ च्या आधी शब्बाथ कुठे होता? घरात होता. दिव्यापाशी, जेवणाच्या ताटापाशी, बंद घाण्यापाशी. हिब्रूचं एक अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांनी तो सांभाळला. तू स्वतःला उपरा समजतोस, पण तुझ्या खापरपणजोबांचा शब्बाथ तुझ्यासारखाच होता. मला हे अगदी मनापासून वाटतं की आपल्यात अनौपचारिक शब्बाथ हा नवा प्रकार नाही, तीच जुनी रीत आहे. सिनेगॉगची शिस्त नंतर आली आणि तीही सुंदर आहे.

मराठीची लाज तर कधीच वाटू देऊ नकोस. पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मुंबईत मराठीत निघाली १८४६ साली, शिळाछपाईची. पुण्याला १८७४ मध्ये चित्रांसकट छापली गेली. एकोणिसाव्या शतकात आपली माणसं अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर टाळ-मृदंगात कीर्तनं करत होती. आजीच्या सिद्दूरचं मराठी पान हे काही कमी प्रतीचं पान नाही.

आता जायचं कुठे? तू पश्चिम रेल्वेवर आहेस, तेव्हा जेकब सर्कलचं तिफेरेत इस्राएल तुला महालक्ष्मीहून चालत आहे आणि आग्रीपाड्याचं मागेन हसिदीम मुंबई सेंट्रलहून. दोन्हीकडे रीतसर जुन्या पद्धतीची प्रार्थना होते. थोडं मोकळं वातावरण हवं असेल तर भायखळ्याचं रोदेफ शालोम बघ. ते ज्यूइश रिलिजस युनियनचं. डॉ. जेरुशा झिराड लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या असताना तिथल्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ही युनियन सुरू केली. याच बाई पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली पद्मश्री मिळाली. प्रार्थना समजून म्हणावी, हा त्या चळवळीचा आग्रह. कुठेही जा, पण आदल्या दिवशी फोन कर. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला, तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आणि त्यांची पत्नी मारली गेली. तेव्हापासून दारावर अनोळखी माणसाला थांबवतात. तू दारातून परत आलास त्यात पहारेकऱ्याच्या प्रश्नांचाही भाग असेल, तर मनाला लावून घेऊ नकोस. ओळखपत्र जवळ ठेव, कुणाचा नातू ते सांग. आपल्यात नातं निघायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आत गेलास की मागच्या बाकावर एकटा बसू नकोस. म्हाताऱ्या गृहस्थाच्या शेजारी बस आणि ‘काका, पान दाखवाल का?’ म्हण. तो बोट ठेवून ओळ दाखवत राहील. त्याच्या घरी कुणी असं विचारणारं उरलेलं नसतं रे, मुलं-नातवंडं इस्राएलमध्ये अश्दोद नाहीतर दिमोनाला असतात. तू पान विचारलंस तर त्याचा शब्बाथ होतो.

रेल्वेनं जावं का, हा प्रश्नही तुझ्या मनात असणार. शास्त्राप्रमाणे शब्बाथला वाहनात बसत नाहीत आणि जे ते पाळतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मीरा रोडहून चालत कुणी येणार नाही आणि घरी एकटा बसून तू काय पाळणार आहेस? माझं मत विचारशील तर गाडी पकड. पुढेमागे एखाद्या शुक्रवारी कुणाच्या घरी मुक्काम कर, मग शनिवारी सकाळीही चालत जाता येईल.

शिकायचंच असेल तर क्रम असा ठेव : शेमा पाठ, मग किद्दुश, मग अक्षरं. किद्दुश स्वतः म्हणता यायला लागला की घरी आईबाबांसमोर म्हण. बाबा आमेन म्हणतात की नाही ते मला कळव.

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाला मुंबईतली सिनेगॉग शनिवारी पाहायची आहेत. – एक प्राध्यापक, उरण

शनिवार सोडून कुठलाही दिवस निवडा, सणांचे दिवसही टाळा. शब्बाथला तिथे प्रार्थना चालू असते आणि टिपणं काढणं, फोटो घेणं या दोन्ही गोष्टी त्या दिवशी करता येत नाहीत. मग मुलं करणार काय? विश्वस्तांना आधी पत्र पाठवा, विद्यार्थ्यांची यादी आणि ओळखपत्रं तयार ठेवा, मुलग्यांनी टोपी किंवा रुमाल आणावा. काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू (१८८४, दुरुस्ती होऊन २०१९ मध्ये पुन्हा खुलं झालं) आणि भायखळ्याचं मागेन दावीद (१८६१) ही दोन्ही बगदादी ज्यूंची, ससून घराण्यानं उभारलेली. बेने इस्राएल काय ते समजायचं तर मांडवीला गेल्याशिवाय राहू नका. आणि उरणहून इतक्या लांब येताय, तर आधी अलिबागचं मागेन आबोथ आणि नवगावचं जुनं दफनस्थळ दाखवा. सुरुवात तिथून झाली.

मी साताऱ्याची, मराठा घरातली. नवरा बेने इस्राएल. सासूबाई गेल्यापासून घरात शुक्रवारचा दिवा लागत नाही. मी लावला तर चालेल का? मुलं लहान आहेत, त्यांना काहीतरी मिळावं असं वाटतं. यांना विचारलं तर म्हणतात, ‘तुला वाटतं तसं कर.’ – एक वाचक, बोरिवली

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सासूबाई भाग्यवान.

धर्मनियमाचं उत्तर आधी देते. दिवा लावणं हे फक्त बाईचं काम, असं आपण सगळे समजतो, पण ते घराचं कर्तव्य आहे. घरात लावणारी ज्यू स्त्री नसेल तर ते पुरुषावर येतं. एकटा राहणारा पुरुषही दिवा लावतो आणि बेराखा म्हणतो. तेव्हा ‘तुला वाटतं तसं कर’ हे उत्तर पुरेसं नाही, हे माझ्याकडून त्यांना सांगा. दिवा त्यांनी लावायचा आणि बेराखाही त्यांनीच म्हणायची. येत नसेल तर देवनागरीत लिहून घ्यावी, एका ओळीची आहे.

तुमचा हात त्यात कुठे येतो? सगळीकडे. वात तुम्ही वळा, तेल तुम्ही घाला, मनुका तुम्ही भिजवा, मुलांना आंघोळ घालून पांढरे कपडे चढवा. सासूबाईंचा पेला माळ्यावर असेल तर काढून चिंचेनं, मिठानं लख्ख करा. दिव्यापाशी चौघांनी उभं राहा. आमच्या समाजात बाहेरून आलेल्या सुनांनी शुक्रवार सांभाळलेली घरं मी पाहिली आहेत. तिथल्या मुलांना गाणी तोंडपाठ आहेत, आणि दोन्हीकडून ज्यू असलेल्या काही घरांत ती नाहीत.

मुलांचं धर्मदृष्ट्या स्थान काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कधीतरी कुणी तुमच्या तोंडावर बोलेल. जुन्या परंपरेत मूल आईवरून ज्यू ठरतं, उदारमतवादी पंथांत काही ठिकाणी वडिलांवरूनही मानतात. हा निकाल सदरात लागत नाही, त्यासाठी रब्बींशी निवांत बसून बोला, दोघांनी मिळून. तोवर शुक्रवार थांबवू नका. आणि आमच्या समाजातल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : अशी सून मुलांना घेऊन दारात आली तर तिला आधी बसायला खुर्ची द्या. चौकशा कधीही करता येतील.

माझं वय एकोणऐंशी. पत्नी गेली, मुलगा आणि मुलगी इस्राएलला. शुक्रवारी दोन घास खाऊन झोपतो. किद्दुश एकट्यानं म्हणावासा वाटत नाही. सिनेगॉगला गेलो तर तरुण मंडळींना अडचण, असं वाटतं. – एक वाचक, ठाणे

भाऊ, अडचण कसली, तुमची गरज आहे. जुन्या रीतीनं मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या गणपूर्तीला, दहा पुरुष लागतात. दहा झाले नाहीत तर तोरा बाहेर काढून वाचता येत नाही, कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. तुमच्या पत्नीसाठी कद्दीश म्हणायची तरी दहा माणसं हवीतच ना? ठाण्याचं शाअर हाशामाईम १८७९ चं, आज आपली पुष्कळ वस्ती ठाण्यातच आहे. तरीसुद्धा शनिवारी सकाळी नऊ जण बसून दहाव्याची वाट पाहतात, हे मी किती सिनेगॉगांच्या बायकांच्या बाजूला बसून पाहिलंय. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळतात.

शुक्रवारी रात्रीचं जेवण मात्र एकट्यानं घेऊ नका. हज्जानना गुरुवारीच फोन करा, शुक्रवारी दुपारी ते घाईत असतात. ‘मी एकटा आहे, कुणाकडे बसू?’ असं सरळ विचारा. ठाण्यात आणि भायखळ्यात आळीपाळीनं एकमेकांकडे जमणारी घरं आहेत, त्यांना वडीलधारं माणूस हवंच असतं, कारण जुन्या चाली त्यांना येत नाहीत. तुमच्या पिढीची ‘लेखा दोदी’ची चाल वेगळी होती, ती मुलांना शिकवा. जिने चढवत नसतील तर तेही आधीच सांगा, तळमजल्यावरचं घर बघतील. मुलाशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर शुक्रवारी दुपारीच उरकून घ्या. आपल्याकडे सूर्य त्यांच्या आधी मावळतो, त्यामुळे तो कामावरून सुटेपर्यंत तुमचा शब्बाथ लागलेला असेल.